बाटलीवरच्या खुणा

राजापेठ, अमरावती
१ मार्च १९३७

जयवंता,

हे पत्र वामनराव तुला वाचून दाखवतील. वामनराव, आपली बहीण ऐकत असेल तेव्हा सावकाश वाचावं, आणि मधे थांबून तिला कळलं का ते विचारावं, एवढी विनंती आहे.

तू अकोल्याला जाऊन आज तेवीस दिवस झाले. चार दिवस माहेरी राहून येते म्हणाली होतीस. मी काही तगादा लावत नाही. पण बाबा रोज विचारतात, "सून कवा येऊन राहिली?" आणि मी रोज "पुढच्या बुधवारी" म्हणतो. ते आता हसतात. लंगडत लंगडत वाफ्यांना पाणी देतात, मेथी-सांबाराच्या जुड्या बांधतात, आणि बाजारात कोणी आपल्या गोदाचं नाव काढलं की टोपली उचलून चालायला लागतात. भाकरी मी थापतो. जाड होतात. बाबा तशाच खातात.

वामनरावांचं कार्ड मिळालं. तू अळणी जेवतेस, कोणाशी बोलत नाहीस, दिवसभर मागच्या ओट्यावर बसून राहतेस असं त्यांनी लिहिलं आहे. आणि कारण विचारलं तर एवढंच म्हणतेस, की त्या दिवशी सकाळी गोदानं औषध थुंकलं म्हणून तू तिला पुन्हा दिलंस. एका खुणेच्या जागी दोन खुणा गेल्या, म्हणून पोरगी गेली.

जयवंता, मी बारा वर्षं दवाखान्यात औषधं कालवतो. बाटलीवर कागदाची पट्टी कातरून मीच चिकटवतो, एका खुणेला एक डोस. एक डोस जास्त गेला म्हणून माणूस मरत नाही. औषधाचा आणि त्या गोष्टीचा काहीएक संबंध नाही. ती पळत रस्त्यावर आली आणि कापसाच्या गठाणींच्या लॉरीखाली सापडली. पंचनाम्यात तसंच लिहिलं आहे. ती कशी होती ते तुला मी सांगायला नको. राजापेठेत एकही दुकान नाही जिथून तिला "ए पोट्टे, थांब!" म्हणून कोणी ओरडलं नसेल. चालत्या टांग्याला लटकणं, उकळत्या गुळात बोट घालणं, मास्तरीणबाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडणं. करून झालं की स्वतःच्या हाताकडे बघत राहायची आणि मला म्हणायची, "दादा, म्या नाही केलं. माह्या हातानं केलं."

तेच त्या दिवशी झालं. तिच्या पायांनी केलं. तू यात कुठेच नाहीस.

जेवणात मीठ घे. परत ये.

खुशालराव


राजापेठ
२९ मार्च १९३७

जयवंता,

उत्तर मिळालं. वामनरावांनी चार ओळी त्यांच्या लिहिल्या आणि एक तुझी. तुझी ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. "पळायले तिचे पाय कुठं होते?"

हे तू सगळ्यांसमोर बोलतेस का? शेजाऱ्यांपुढे? जरा विचार कर. यानं कोणाचं भलं होणार आहे?

मला राग आला आहे, म्हणून आज लिहिणार नव्हतो. पण होळीची सुट्टी आहे, दवाखाना बंद आहे, बाबा मळ्यात आहेत, आणि घरात बोलायला कोणी नाही. तेव्हा तुला आठवण करून देतो की औषध का आणलं. तू विसरली असशील.

मागच्या वैशाखात बाबा मोटेवर होते. भरलेली मोट वर आली होती, बाबा मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यात वाकून उभे होते, आणि गोदानं मोटेच्या दोराची, नाड्याची खुंटी ओढली. का ओढली? तर ती हलत होती. भरली मोट उलटी विहिरीत गेली, नाडा सापासारखा उसळला आणि बाबा तीन हात लांब जाऊन दगडावर पडले. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. गोदा तिथंच उभी राहून थरथरत होती. तिला मारायलासुद्धा कोणाचा हात उठला नाही.

त्यानंतर तू काय केलंस? तुझ्या लुगड्याचा पदर तिच्या मनगटाला बांधलास. चुलीपाशी, विहिरीवर, झोपताना. तू उठलीस की ती उठायची, ती उसळली की तू ओढली जायचीस. तुझ्या खांद्यावर वळ आले होते. बायका दाराशी येऊन बघायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. शाळेतून तिचं नाव काढलं होतं ते वेगळंच. मी घरी आलो की तुम्ही दोघी अशा बांधलेल्या दिसायच्या, आणि मला वाटायचं, मी दुसऱ्यांच्या पोरांना बरं करायची औषधं देतो आणि माझी बायको माझ्या पोरीला दावं लावून बसली आहे.

म्हणून मी डॉक्टरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, पोरगी शांत व्हायला ब्रोमाइड देऊन बघू. संत्र्याच्या सालीचं सरबत घालून मी पहिली बाटली कालवली. आठव्या दिवशी तू पदर सोडलास. आठवतं का? गोदा अंगणात बसून पाटीवर बाराखडी काढत होती आणि तू भिंतीला टेकून, तोंडावर हात दाबून रडत होतीस. "देव पावला," असं तूच म्हणाली होतीस. मी नाही.

शाळेत परत घेतलं. आषाढात ती पहिल्या रांगेत बसली. मास्तरीणबाई मला रस्त्यात थांबवून म्हणाल्या, "पोरगी किती सुधारली!"

आणि पोळ्याला तू चार दिवस औषध बंद केलंस. सणाचं नको म्हणालीस. तिसऱ्या दिवशी तिनं बाजारात तागडी ओढली. लोखंडी मापं उडून भाजी विकणाऱ्या म्हातारीचा ओठ फाटला. लोक घरावर आले. तेव्हा तूच मला म्हणालीस, "द्या बापा, आता बंद नका करू."

हे सगळं तू विसरून मला विचारतेस, पाय कुठं होते.

बाबा तेवढे पहिल्यापासून विरुद्ध होते, हे खरं. "पाय माहा मोडला. माही काही तक्रार नाही. तिले निजवू नका," असं ते म्हणायचे. पण त्यांना औषधातलं काय कळतं?

येताना कळव, स्टेशनवर येईन.

खुशालराव


राजापेठ
१६ मे १९३७

जयवंता,

परवा आखाजीला मी अकोल्याला आलो होतो. तुला कोणी सांगितलं की नाही कोण जाणे.

बडनेऱ्याला गाडी बदलून दुपारी उतरलो. वामनराव दारातच भेटले. पाणी दिलं, पण आत या म्हणाले नाहीत. "ताई कोणालेच भेटत नाही. तुमाले तर नाहीच," असं म्हणाले आणि खाली बघत राहिले. भला माणूस आहे, त्यांनाही ते बोलणं जड जात होतं. मी म्हटलं, लांबून बघतो. शेजारच्या आशाबाईंच्या अंगणातून त्यांनी मला तुमचा मागचा ओटा दाखवला.

तू पाठमोरी बसली होतीस. तुझी वेणी कोणीतरी घालून दिली होती. खांद्याची हाडं लुगड्यातून दिसत होती. तीन महिन्यांत एवढं माणूस वाळतं? मी हाक मारणार होतो. आशाबाई हळूच म्हणाल्या, "त्या रोज दोन बोटं पुढं करून मोजतात. एक, दोन. एक, दोन. पोरी शाळेत मोजतात तसं. मग हात लुगड्यात लपवतात." आशाबाई मुलींच्या शाळेत शिकवतात ना, त्यांना ते बघवत नव्हतं. त्या मला म्हणाल्या, "तुमाले काही माहीत असंन, तर सांगा त्यायले. असं माणूस जगत नाही."

 संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

वामनराव, इथून पुढचं आपण वाचताच आहात. वाचा. मला आता काही झाकायचं नाही. निदान यातलं तरी नाही.

गोदा पळत आली नव्हती.

लॉरी चालवणारा सूर्यभान मला दुसऱ्याच दिवशी, पंचनामा व्हायच्या आधी, दवाखान्याच्या मागे भेटला होता. तिशीतला माणूस. म्हणाला, "भाऊ, तुमच्या पोरीले मी कवापासून ओयखतो. मांगं ह्या रस्त्यानं जात होतो तं ती लॉरीच्या पुढून सुसाट पयत होती. मले सवय होती. काल ती मधात उभी होती. म्या भोंगा देल्ला. तिनं माह्याकडं पायलं. हसली बी असंन, मले सांगता येत नाही. म्या म्हटलं, आता पयीन. आता पयीन. पण ती हाललीच नाही, भाऊ. ब्रेक लावला तोवर..."

ती उभी होती, जयवंता. दुकानदार ओरडले असतील, पण जागचं कोणी उठलं नाही. सगळ्यांना वाटलं, ही गोदा आहे, पळेल.

सूर्यभान मला विचारत होता, "आता साहेबाले काय सांगू?" मी त्याला म्हटलं, "पळत आली म्हणून सांग. मीही तेच सांगतो. तू सुटशील." तो माझ्या पाया पडला. बापानंच माफ केलं म्हणून रडला. मी त्याला वाटू दिलं की मी माफ केलं.

तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. तिला पळायला पाय नव्हते. पण त्यात तुझ्या दुसऱ्या डोसचा दोष नाही, हे मी तुला शपथेवर सांगतो. का नाही, ते या पत्रात सांगता येत नाही.

खुशालराव


राजापेठ
५ जुलै १९३७

जयवंता,

हे पत्र मी वामनरावांच्या पत्त्यावर न पाठवता आशाबाईंच्या शाळेत पाठवतो आहे. आशाबाई, आपण परक्या आहात, म्हणून विनंती करायचं धाडस होतं. जयवंता एकटी असेल तेव्हा हे तिला वाचून दाखवा. एक शब्द गाळू नका. माझी दया येऊन तर मुळीच नको.

जयवंता, दोन बोटं मोजणं आजपासून बंद कर. मोजायचं ते मी सांगतो.

डॉक्टरसाहेबांनी सांगितलं होतं, संध्याकाळी एकदा, खुणेला दहा ग्रेन, एक महिना. मग बंद करून पोरीला दाखवायला आण. मी तिला दाखवलं नाही. महिना झाल्यावर ते म्हणाले, "कशी आहे रे पोरगी?" मी म्हटलं, "बरी आहे, बंद केलं." त्यानंतरची प्रत्येक बाटली मी त्यांना न विचारता कालवली. आधी संध्याकाळी एकदा होतं, ते सकाळ-संध्याकाळ केलं. पोळ्याच्या त्या भांडणानंतर तीनदा. तुला मी सांगितलं, डॉक्टरसाहेबांनी वाढवलं. तू विचारलंस, "जास्त तं नाही होत?" आणि मी तुझ्यावर खेकसलो, "मले शिकवतं का?" तू पुन्हा विचारलं नाहीस.

मग मिठाचं. भाद्रपदात मी तुला सांगितलं, गोदाच्या तोंडावर पुटकुळ्या आल्या आहेत, तिला पथ्य आहे, मीठ बंद कर. तू तिच्यासाठी वेगळी भाजी काढायला लागलीस. ती मीठ मागायची, एकदा डब्यातून चोरून खाताना सापडली, आणि तू तिला चापट मारलीस. ती चापट तुला रोज आठवत असेल. ती माझी आहे. पुटकुळ्या मिठानं आल्या नव्हत्या, औषधानं आल्या होत्या. आणि मीठ मी पुटकुळ्यांसाठी बंद केलं नव्हतं. एका फेफऱ्याच्या रोग्याला डॉक्टरसाहेब सांगत होते ते मी कालवताना ऐकलं होतं, की अळणी जेवलं तर हे औषध अंगातून लवकर जात नाही, थोड्यात जास्त काम करतं. "पण जपून," असंही ते म्हणाले होते, "साचत जातं." मी पहिलं ऐकलं.

आणि शेवटचं. दिवाळीनंतर मी खुणेला पंचवीस ग्रेन घालायला लागलो. पट्टी तीच ठेवली. बाटली तीच, रंग तोच, सरबताचा वास तोच. तुला कळायला काही मार्गच नव्हता. तू एक खूण देत होतीस आणि अडीच जात होत्या. महिनोन् महिने. त्या दिवशी सकाळी तू दोन दिल्यास म्हणून ती गेली असं नाही. तू एकही दिली नसतीस तरी ती तशीच चालली असती, कारण तिच्या अंगात आधीचं एवढं भरलं होतं. ती झोकांड्या खात होती ते तू मला दोन दिवस आधी सांगितलं होतंस. जीभ जड झाली होती, तोंडातून लाळ यायची, अर्ध्या वाक्यात थांबायची. मी म्हटलं, "थंडी आहे." शाळेत सोडायला तू रोज जायचीस, तेही मीच बंद करवलं. "आता शहाणी झाली, एकटी जाऊ दे, लोकांना दिसू दे."

यातलं मला त्या वेळी कळलं नाही. ती गेल्यावर मी डॉक्टरसाहेबांचं इंग्रजी पुस्तक काढून अडखळत वाचलं, तेव्हा एकेक लक्षण तिथं लिहिलेलं दिसलं, आणि मग समजलं.

मागच्या सोमवारी मी डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं. रोगी गेले होते. त्यांनी चष्मा काढून हातात धरला. मग म्हणाले, "माझ्याच कपाटातली बाटली." चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "खुशाल, हे तू बाहेर बोलू नकोस. आणि उद्यापासून येऊ नकोस." मी किल्ल्या ठेवल्या. तिथून चौकीवर गेलो. मुन्शीनं अर्धं ऐकून हात जोडले. "गेली ना पोरगी? कागद बंद झाले. आता उकरून काय करता? त्या लॉरीवाल्यालेच पुन्हा ओढाव लागंन." सूर्यभानचं नाव निघाल्यावर मी उठलो. मला शिक्षा देणारं कोणी भेटत नाही म्हणून मी तुझ्याकडे आलो असं समजू नकोस. तू शिक्षा द्यावीस म्हणून लिहीत नाही. तू जेवावंस म्हणून लिहितो.

बाबांना सांगितलं. ते वांग्याच्या वाफ्यात बसले होते. ऐकून त्यांनी खुरपं बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "मले माहीत होतं काहीतरी. पोरगी माह्यापाशी यायची अन् म्हणायची, आजा, मले उठव. उभी असायची रे बापा, अन् म्हणायची मले उठव." मग ते माझ्याशी बोलले नाहीत. अजून बोलत नाहीत. भाकरी मात्र माझ्याच हातची खातात.

तुझ्यावर काही नाही. एक खूण नाही, दोन नाही. सगळं माझं आहे.

खुशालराव


राजापेठ
२ ऑक्टोबर १९३७

जयवंता,

आशाबाईंच्या हातचं कार्ड काल आलं. तीन महिने मी रोज टपालवाल्याची वाट बघितली आणि आल्यावर दुपारपर्यंत उलटं करून ठेवलं.

तू जेवतेस असं त्यांनी लिहिलं आहे. पत्र वाचून झाल्यावर तू आधी हसलीस, मग इतकी रडलीस की शेजारच्या बायका धावून आल्या, आणि दुसऱ्या दिवशी आपण होऊन चुलीपाशी गेलीस. आता सकाळी वामनरावांच्या मळ्यात जातेस, फुलं तोडतेस. आशाबाईंकडे अक्षरं गिरवायला बसतेस. हे वाचून मी बाहेर जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी टोपीनं डोळे पुसले आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "बरं झालं," एवढंच.

तू परत येणार नाहीस, हेही वाचलं. मी तिकडे यायचं नाही, हेही. ते मला मान्य आहे. तुझं पितळेचं भांडं, दोन लुगडी आणि गोदाची पाटी वामनरावांच्या ओळखीच्या गाडीवाल्याबरोबर पाठवली आहे. पाटीवर तिनं काढलेलं पुसलेलं नाही. तिचे कपडे बाबांनी ठेवून घेतले.

माझं विचारशील तर, विचारलेलं नाहीस, तरी सांगतो. तिवस्याच्या बाजाराला बाबांची भाजी घेऊन जातो. लोक अजून वाटेत थांबवून खोकल्याला काय घेऊ, पोराला झोप येत नाही काय देऊ, असं विचारतात. मागच्या आठवड्यात एका बाईनं माझ्यापुढे तिचा मुलगा आणून उभा केला. तो उभा कसला, तिचा हात हिसकून टोपल्यांवरून उड्या मारत होता. "भाऊ, तुमच्यापाशी थे औषध हाय म्हंते, पोरं शांत व्हायचं. माहा जीव घेतला यानं." तिच्या मनगटावर चावल्याच्या खुणा होत्या. मला तिला द्यायला काहीच नव्हतं. औषध नको म्हणावं तर ती पदरानं बांधील, हे मला माहीत आहे. द्यावं तर मी कोण. मी भाजी तिथंच टाकून निघून आलो.

तुझा एक प्रश्न आशाबाईंनी शेवटी लिहिला आहे. तुझ्या शब्दांत. "तुमाले कवा समजलं होतं?"

मागच्या पत्रात मी लिहिलं की ती गेल्यावर, पुस्तक वाचून समजलं. तू ते ऐकलंस, त्यावर जेवायला लागलीस, आणि तरी हे विचारलंस. म्हणजे तुझा विश्वास बसला नाही. बरोबर केलंस.

मला दिवाळीला समजलं होतं.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. तू आत पणत्या भरत होतीस, बाबा दारावर तोरण बांधत होते. गोदा ओसरीवर बसून झेंडूची माळ ओवत होती. मी बाजारातून आलो आणि तिच्याजवळ बसलो. सुई तिच्या बोटात आरपार गेली होती. फुलावर रक्त होतं आणि ती सुईकडे बघत बसली होती. मी सुई ओढून काढली. तिनं हात मागे घेतला नाही. म्हणाली, "दादा, दुखत नाही." जीभ जड होती. मग म्हणाली, "दादा, मले पयता येत नाही. पाय कोन्या नेले?"

मला तेव्हाच समजलं. मी बारा वर्षं काम केलेला कंपाउंडर, न समजायला काय झालं? मी तेव्हा उठून बाटली मोरीत ओतली असती तर आज ती दहा वर्षांची असती. मला तुला हाक मारायची होती. तोंड उघडलंही होतं.

पण ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली.

जयवंता, ती जन्मल्यापासून माझ्याजवळ कधी थांबली नव्हती. तुझ्या अंगाला ती निदान बांधलेली तरी असायची. मी उचललं की ती उसळून सुटायची, जवळ घेतलं की माझ्या छातीवर लाथ मारून पळायची. तिचं डोकं हाताला किती जड लागतं हे मला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी ती तासभर पडून राहिली. मी तिच्या केसांतून हात फिरवला. तिनं फिरवू दिला. तू दारात आलीस, आम्हाला बघितलंस, आणि हसून, आवाज न करता आत गेलीस.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात जाऊन खुणेला पंचवीस ग्रेन घातले. शाळेसाठी नाही, लोकांसाठी नाही. ती उद्याही तशीच माझ्याजवळ पडून राहावी म्हणून.

खुशाल